दिसतं, पण वाचवत नाही

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका दिवाळी अंकाची मोबाईलवर वाचायची आवृत्ती मी तयार करून दिली होती. दिवसभर पुण्यात दुसऱ्यांसाठी कोड लिहायचा आणि रात्री गावासाठी काहीतरी करायचं, असा तो उत्साह होता. पांढरंशुभ्र पान, त्यावर फिकट करड्या रंगाची बारीक अक्षरं, शीर्षकातली अक्षरं जरा सुटी सुटी, प्रत्येक लेखाच्या डोक्यावर पडदाभर फोटो. मला ते फारच देखणं वाटत होतं. ऑफिसातल्या लोकांनीही वाखाणलं. त्यातल्या एकालाही मराठी वाचता येत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दिवाळीत पोलादपूरला गेले. वडिलांचे स्नेही असलेले एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे फराळाला आले होते. त्यांनी अंक उघडला, बोटाने जरा वर-खाली केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"छान झालंय गं. मला फक्त याची प्रिंट काढून देशील का?"

मला वाटलं, वय झालंय, मोबाईलची सवय नाही. पण हेच गुरुजी सकाळी उठल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले हातभर लांब मजकूर वाचत असतात, वर त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही पाठवणाऱ्याला कळवतात. मी म्हटलं, "गुरुजी, अक्षर दिसत नाहीये का?"

"दिसतं सगळं. वाचवत नाही."

हे वाक्य मला लागलं, कारण मी नेमकं उलटं मानत होते. दिसलं म्हणजे काम झालं. तरुण मुलं मराठी वाचत नाहीत, लोकांना दोन मिनिटं धीर धरवत नाही, रील्सनी वाट लावली, असं आपण सगळेच म्हणतो. त्यात काही खरंही असेल. पण वाचक पळाला की दोष वाचकाच्या माथी मारायचा आणि पान तपासायचंच नाही, ही आपली सवय झाली आहे. या लेखात मला ते पान तपासायचं आहे, आणि सुरुवात माझ्याच पानापासून करायची आहे. तपासणीची यादी मात्र माझी नाही. ती गुरुजींनी दिली.

*

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी दासबोध काढून ठेवला होता. एकोणिसावा दशक, पहिला समास: लेखनक्रियानिरूपण. "हे वाच, आणि मग तुझा अंक बघ."

महाड-पोलादपूरच्या माणसाला दासबोध म्हटलं की आधी शिवथरघळ आठवते. वरंध घाटाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यात. पावसाळ्यात तोंडाशी धबधबा कोसळत असतो आणि आत शिरलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. इथे रामदासांनी सांगितलं आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतलं, अशी परंपरा आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे गेलो होतो. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की इथे कुणीतरी कुणालातरी डिक्टेशन देत होतं. वीस दशक, दोनशे समास. हे सगळं हाताने लिहायचं, मग त्याच्या नकला करायच्या, आणि त्या नकला गावोगाव अनोळखी माणसांनी वाचायच्या. अक्षर कसं असावं हा प्रश्न या माणसांसाठी हौसेचा नव्हता. अक्षर लागलं नाही तर ग्रंथ तिथेच थांबला.

वीस ओव्यांच्या त्या समासात भक्ती जवळपास नाहीच. अक्षर गोल, सरळ, मोकळं असावं. शाई काळीभोर असावी. काना, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी असाव्यात. पहिल्या अक्षराचं जे वळण आणि जो काळेपणा, तोच ग्रंथ संपेपर्यंत टिकावा. पान शिशाने आखून घ्यावं, ओळींमधलं अंतर कमी-जास्त होऊ नये. चहूबाजूंनी जागा सोडावी आणि मधे लिहावं. पुढे कागद कसा घोटावा, बोरू कुठले आणावेत, शाई कशी साठवावी, पोथीला मेणकापड आणि पेटीला कुलूप कसं असावं, इथपर्यंत. आम्ही नव्या प्रोजेक्टच्या आधी जो डिझाइनचा दस्तऐवज बनवतो, तो याहून फार वेगळा नसतो. फक्त आमचा कंटाळवाणा असतो.

मी माझा अंक समोर ठेवला आणि एकेक कलम लावून बघितलं.

*

पहिलं कलम, काळेपणा. वेबवरची पानं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक निकष आहेत. त्यानुसार साध्या मजकुराची अक्षरं आणि त्यामागचा रंग यांच्यात किमान 4.5 ला 1 इतका फरक हवा. काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं असेल तर हा आकडा 21 येतो. माझ्या देखण्या करड्या रंगाचं मोजलं तर 2.85 भरलं. एसी ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर ते सुंदर दिसत होतं. पोलादपूरच्या स्टँडवर, भर दुपारी, ब्राइटनेस कमी करून ठेवलेल्या स्वस्त फोनवर ते पान कोरं दिसतं. शाई महाग होती तेव्हा रामदास ती काळीकुळकुळीत करायला सांगत होते. आज काळा रंग फुकट आहे आणि आम्ही तो पाणी घालून वापरतो.

दुसरं कलम, आकार. या समासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लिहिणाऱ्याच्या वयाचा विचार. तरुणपणी फार बारीक लिहिण्याची हौस असते, पण तेच अक्षर म्हातारपणी उपयोगाचं राहत नाही, म्हणून मध्यम लिहावं, असं तिथे सांगितलं आहे. सत्तावीस वर्षांच्या मुलीने चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुरुजींसाठी अक्षराचा आकार ठरवला, आणि तो स्वतःच्या डोळ्यांना विचारून ठरवला. वर मी दोन बोटांनी पान मोठं करायची सोयही बंद केली होती, कारण मोठं केलं की माझी मांडणी बिघडत होती. मांडणी वाचली, वाचक गेला.

तिसरं कलम, ओळींमधलं अंतर. इथे खास आपल्या लिपीचा प्रश्न आहे. रोमन लिपीत बहुतेक अक्षरं एका पट्टीत बसतात. देवनागरी शिरोरेघेला टांगलेली असते. रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. अक्षराच्या खाली उकार, ऋकार, शिवाय एकावर एक रचलेली जोडाक्षरं. हे तीन मजले आहेत. इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर तसंच ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. समासात हे नेमकं सांगितलं आहे: ओळीला ओळ भिडू नये, वेलांट्या-मात्रांनी एकमेकींना छेदू नये, लांब अक्षर खालच्या ओळीला टेकू नये. मी एका अक्षराच्या उंचीच्या 1.3 पट अंतर ठेवलं होतं. आता 1.7 ठेवते. पान लांबतं, पण डोळा अडखळत नाही.

याचंच भावंड म्हणजे कापलेली अक्षरं. शीर्षकासाठी ठरावीक उंचीची चौकट करायची आणि बाहेर येईल ते छाटायचं, ही आमची नेहमीची पद्धत. इंग्रजीत त्याने फारसं बिघडत नाही. मराठीत उकार छाटला की 'पूर' चा 'पर' होतो आणि 'सून' चा 'सन'. वरचा अनुस्वार छाटला की 'घरं' चं 'घर' होतं. सावित्रीच्या काठावर राहणाऱ्या माणसाला 'पर' आणि 'पूर' यांतला फरक समजावून सांगायची गरज नाही.

चौथं कलम, जोडलेपण. इंग्रजी शीर्षकांत अक्षरं सुटी केली की भारदस्त दिसतात. मी तेच मराठीला लावलं. आपल्याकडे त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मोत्यांच्या माळेसारखी ओळ हवी, असं समास म्हणतो; मी दोरा कापून मोती सांडून ठेवले होते. तिरकं अक्षरही तसंच. इटालिकची परंपरा आपल्या लिपीत नाही, त्यामुळे त्या फॉन्टमध्ये वेगळं तिरकं अक्षर नसेल तर मशीन सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतं. ते वळणदार दिसत नाही, पडल्यासारखं दिसतं.

पाचवं कलम, भोवतालची जागा. मराठीत 'समास' म्हणजे प्रकरणही आणि पानाच्या कडेला सोडलेली जागाही. शाळेत वहीचं पान उघडलं की बाई आधी म्हणायच्या, समास आखा. पोथीच्या पानाची कड झिजते, फाटते. भोवती जागा सोडली तर कड गेली तरी अक्षर वाचतं. मोबाईलची कड झिजत नाही, पण तिच्यावर आक्रमण होतं. खाली जाहिरातीची पट्टी, उजवीकडे शेअरचं तरंगतं बटण, वर 'आमचं अ‍ॅप घ्या', मधेच 'नोटिफिकेशन हवंय का?' मजकुराला उरते ती खिडकीची फट. एखाद्याच्या घरी गेलो आणि उंबऱ्यावरच त्याने 'पुन्हा कधी याल ते आधी लिहून द्या' म्हटलं, तर आपण आत जाऊ का? वाचकाने अजून पहिलं वाक्यही वाचलेलं नसतं.

*

आता त्या कलमाकडे येते, ज्याने मला रात्री झोप लागली नाही. समासात म्हटलं आहे की शोध घेताना कुठे अडू नये. जुन्या अर्थाने इथे 'शोध' म्हणजे शुद्धी, मजकूर तपासणं. माझ्या पिढीला मात्र त्या शब्दावर भिंगाचं चित्र दिसतं. आणि मला जुलै 2021 आठवतो.

त्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळियेत दरड कोसळली. मी पुण्यात होते. घरचे फोन लागत नव्हते. फोनवर याद्या येत होत्या: कोणत्या गावचे लोक कुठे हलवले, कोणता रस्ता बंद. त्यातल्या बहुतेक याद्या म्हणजे छापील कागदाचे तिरके फोटो होते, त्यांचीच पीडीएफ, त्याचाच पुन्हा स्क्रीनशॉट. फोटोत शोधता येत नाही. मी एकेक ओळ मोठी करून, बोट ठेवून, मावशीच्या गावचं नाव शोधत बसले होते. बॅटरी, नेट आणि धीर तिन्ही शिल्लक असलेल्या माणसाची ही गत. पुरात अडकलेल्याची काय असेल? दृष्टी नसलेल्या माणसाचं तर विचारूच नका. फोन आज मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, पण तो मजकूर हवा. फोटोपुढे तो बहुतेक वेळा मुकाच राहतो.

मावशी सुखरूप होती. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. त्यामुळे ही गोष्ट मी आज शांतपणे लिहू शकते. पण अक्षरांची मांडणी म्हणजे नखरे, असं मला त्यानंतर कधी वाटलेलं नाही.

मजकूर खरा असला तरी शोध अडतोच. आमच्या तालुक्याचा शब्द घ्या: दऱ्या. आणि कोकणाचाच दुसरा शब्द: दर्या. एक डोंगरातला, एक समुद्राचा. दोन्हींत फरक त्या र च्या रूपाचा. हिंदीला हा आडवा, पापणीसारखा र लागत नाही. मराठीला दऱ्या, वाऱ्यावर, गुऱ्हाळ, तऱ्हा लिहायला तो लागतोच. संगणकात तो दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण मशीनला ते वेगळे शब्द वाटतात. एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने शोधलं की सापडत नाही. माझ्या अंकात तीन लेखक तीन कीबोर्डवरून लिहीत होते. अंकातल्या अंकात 'दऱ्या' शोधल्यावर अर्धे लेख गायब व्हायचे, आणि एका जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या लेखात तर आमच्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला होता.

तीच कथा ल आणि श ची. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीपेक्षा वेगळे. राज्य शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयातही ते ठरवून दिलेले आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. कुठलं दाखवायचं हे मशीनला कळावं म्हणून पानाच्या सुरुवातीला 'ही भाषा मराठी' एवढं एका ओळीत सांगावं लागतं. माझ्या पानावर 'इंग्रजी' असंच राहिलं होतं. साच्यात आलं तसं सोडून दिलं होतं. म्हणजे गावच्या अंकाने मशीनला स्वतःची ओळखच खोटी सांगितली होती.

*

इथवर मी समासाची भक्त झाल्यासारखी लिहिते आहे. पण समीक्षा म्हणायची तर त्याच्याकडेही सरळ बघायला हवं.

एक म्हणजे, वाचकाला चटक लावून सोडावी, असं तिथेही म्हटलं आहे. आजची अ‍ॅप्सही हेच करतात. फरक एवढाच की त्याच ओवीत आधी देह कष्टवायला सांगितलं आहे. लिहिणाऱ्याने घाम गाळायचा आणि वाचकाने ओढीने वाचायचं. आम्ही घाम वाचवतो आणि ओढ लावण्यासाठी लाल ठिपका ठेवतो.

दुसरं जास्त गंभीर आहे. हा समास ज्याला उद्देशून सुरू होतो, तो ब्राह्मण आहे. पहिल्याच ओवीत. सुंदर अक्षर कुणी घटवायचं हे तिथे ठरलेलं आहे, आणि ते पाहून कोण समाधान पावणार तेही: चतुर लोक. म्हाताऱ्या डोळ्यांचा इतका हळवा विचार करणाऱ्या मजकुराच्या दारावर ही पाटी आहे. ज्यांना अक्षरच शिकू दिलं नाही, त्यांच्यासाठी ओळींमधलं अंतर किती असावं, हा प्रश्न त्या चौकटीत उगवतच नाही.

आणि घळ ज्या तालुक्यात आहे, त्याच महाडमध्ये चवदार तळं आहे. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं. तरी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावं लागलं, आणि त्याबद्दल लोकांनी मारही खाल्ला. जातीची बंदी आणि माझ्या अंकाचा करडा रंग यांची तुलना करणं मूर्खपणाचं होईल. मी ती करत नाही. पण महाडच्या माणसाने 1927 पासून एक गोष्ट शिकायला हवी होती. 'खुलं आहे' असं लिहिणं वेगळं आणि पोहोचता येणं वेगळं. 'अंक सर्वांसाठी मोफत उपलब्ध' असं मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. ते एकच वाक्य त्या पानावर नीट वाचता येत होतं.

म्हणून मला समास अर्धा घ्यायचा आहे आणि अर्धा बदलायचा आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी त्याच्याकडून घ्यायची. वाचणारा कोण, हे मात्र चवदार तळ्याकडून शिकायचं. चतुर, चष्मा नसलेला, भारी फोनवाला हा आमचा गृहीत वाचक. त्याला आवडलं की आम्ही काम संपलं म्हणतो. पण पान तपासायचं ते भर उन्हात, तुटक्या काचेच्या फोनवर, अक्षर मोठं करून, नेट मंद करून, आणि एकदा डोळे मिटून, फोनला वाचायला लावून.

*

मागच्या दिवाळीला अंक पुन्हा बांधला. शाई काळी केली. अक्षर वाढवलं. ओळी मोकळ्या केल्या. मोठे फोटो काढले. तरंगती बटणं काढली. र चं रूप सगळीकडे एक केलं. पेटी-कुलपाचं कलमही पाळलं: पत्त्याचे पैसे कुणी भरायचे विसरलं की अख्खा अंक नाहीसा होतो, म्हणून प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. हे सगळं करायला दोन शनिवार-रविवार लागले. ऑफिसात दाखवला तर एकजण म्हणाला, "जरा साधा वाटतोय."

गुरुजींना लिंक पाठवली. आठवडाभर उत्तर नाही. मग एका रात्री साडेनऊला फोन आला.

"काय गं, तो घाटावरचा लेख आहे ना, त्यात शेवटून तिसऱ्या परिच्छेदात 'दर्या' छापलंय बघ. दऱ्या हवं ते. आपल्याकडे समुद्र कुठला आला?"

मी लॅपटॉप उघडला. तो लेख अंकातला सगळ्यात लांब होता.